एकोणसत्तरचं ॲव्हरेज

"तीन पॉइंट अठ्ठावीस," दस्तगीरभाई म्हणाले आणि पेट्रोलची नळी त्यांनी मशीनला अडकवली.

मी मोबाइलवर भागाकार केला. दोनशे किलोमीटर भागिले तीन पॉइंट अठ्ठावीस लिटर. एकसष्ट. सोमवारी एकसष्ट आले होते, मंगळवारी साठ पॉइंट आठ, आज बुधवारी पुन्हा एकसष्ट. यायला हवे होते एकोणसत्तर. आणि ते शुक्रवारी, दूध संघाच्या डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, याच पंपावर यायला हवे होते.

"काय झालं, शिवाण्णा?" भाईंनी विचारलं. "गाडीत फॉल्ट हाय काय?"

"गाडी सोन्यासारखी हाय," मी म्हणालो. "फॉल्ट असला तर माझ्यातच."

याला आता पाच वर्षं होत आली. गडहिंग्लजला आमचं कोरींचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे तेव्हा माझं आणि धाकट्या भावाचं, संगमेशचं. पाना माझ्या हातात आणि लॅपटॉप त्याच्या, अशी वाटणी. हल्लीच्या मोटरसायकलींना कार्बोरेटर नसतो. कुठल्या वेगाला किती पेट्रोल उडवायचं ते सीटखालची एक काळी डबी ठरवते, आणि त्या डबीत आकड्यांचा एक तक्ता भरलेला असतो. त्याला म्हणायचं मॅप. कंपनी साऱ्या देशाला एकच मॅप देते, म्हणजे तयार कपड्यासारखं, अंगाला बसला तर बसला. संगू तो तक्ता लॅपटॉपवर काढून घ्यायचा, त्यातले आकडे कमी-जास्त करायचा आणि परत डबीत भरायचा. मी त्याला पेट्रोलचा शिंपी म्हणायचो. तो म्हणायचा, आणि तू लोहार.

फेब्रुवारीत संगू गेला. वय छत्तीस. गॅरेजमध्येच, दुपारी बाराच्या सुमाराला, बसल्या जागी. डॉक्टरांनी हार्ट म्हणून सांगितलं. मी त्याला रिक्षात घातला, दवाखान्यात नेला, परत आणला, आमच्यात पद्धत आहे तसा बसवून मातीला दिला, आणि पाचव्या दिवशी गॅरेज उघडलं. रडू आलं नाही. लोकांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि मग नाद सोडला. शिवाचं काळीज दगडाचं, असं आई मावशीला म्हणाली, तेही मी ऐकलं. दगडबिगड काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा होतो, चिमटा काढला तरी कुणा दुसऱ्याचा वाटतो, तसा मी अख्खाच्या अख्खा झालो होतो. जेवत होतो, नट आवळत होतो, कुणी चेष्टा केली तर हसतही होतो.

दूध संघाचं काम संगूनं आणलेलं होतं. संघाच्या बत्तीस मोटरसायकली. गावोगाव जाऊन गाई-म्हशी भरवणारी माणसं त्यांवरून फिरत. मागच्या सीटवर नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला, आणि त्याच्या गारठ्यात वळूच्या रेताच्या कांड्या. शेतवाटेनं हळू जाताना या गाड्या झटके मारायच्या. कंटेनर आपटायचा, नायट्रोजन हिंदकळून उडून जायचा, कांड्या फुकट जायच्या, आणि शेतकरी त्या माणसाच्या नावानं शंख करायचा. संघाच्या देसूरकर डॉक्टरांनी एक गाडी आमच्याकडे दिली. झटके घालवा, ॲव्हरेज वाढवून दाखवा, मग बत्तीसच्या बत्तीस तुमच्या. संगू दोन आठवडे त्या गाडीला चिकटला. झटके गेले. मग त्यानं दोनशे किलोमीटरची टेस्ट घेतली आणि संघाला सही करून पत्र दिलं, आधी अठ्ठावन्न, आता एकोणसत्तर. त्यानंतर अकराव्या दिवशी तो गेला.

डॉक्टरांनी महिनाभर विषय काढला नाही, माणूस भला. मग निरोप आला. शुक्रवारी येतो, एकदा आमच्यासमोर टाकी भरून दाखवा आणि कामाला लागा.

त्या आकड्यावर आमच्या घरातलं एक माणूस टांगलेलं होतं. सुवर्णा, संगूची बायको. बीएस्सी झालेली, डोक्यानं संगूपेक्षा तेज, हे संगूच सांगायचा. लग्नापासून त्याच्या शेजारी बसून ती निम्मं काम शिकली होती. पंधराव्या दिवशी ती गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, भावजी, लॅपटॉपचं मी बघते. मी बरं म्हणालो. पण तिचे वडील निपाणीहून आले होते, त्यांना ते पटेना. बाईमाणसानं गॅरेजात काय बसायचं, आणि गिऱ्हाईक तरी येणार आहे का, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तडजोड झाली. संघाचं काम मिळालं तर राहा, नाही तर शाळेला सुट्टी लागली की नातीला घेऊन घरी चल. सुवर्णाला जायचं नव्हतं. आईचा तर सगळा जीव त्या नातीत.

शिवाय नुसत्या कामाचा प्रश्न नव्हता. सही करून लिहिलेला आकडा होता तो. जिवंत माणूस खोटा पडला तर भांडून तरी घेतो.

तर बुधवारी मी पंपावर उभा होतो. टायरमध्ये हवा बरोबर, प्लग नवा, वेग पंचेचाळीसच्या वर नेलेला नाही, आणि तरी एकसष्ट. दस्तगीरभाई चष्मा पुसत माझ्याकडे बघत होते. पंचवीस वर्षं त्या पंपावर काढलेला माणूस. ते म्हणाले, "संगूनं पन हितंच भरलं न्हवं त्या दिवशी? मीच भरलं की. पन तुमी डबल स्टँडवर लावतासा. त्यानं साइडला लावल्याली."

"कवा? जाताना?"

"जाताना डबलवरच. येताना साइडला."

टेस्टचा हिशेब सोपा असतो. टाकी काठोकाठ भरायची, दोनशे किलोमीटर फिरायचं, आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं बसलं तेवढं जळलं. मात्र दोन्ही वेळा गाडी डबल स्टँडवर सरळ उभी पाहिजे. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते, पेट्रोल तोंडापर्यंत आलेलं दिसतं आणि उजव्या कोपऱ्यात हवा राहते. पावशेर-दीडपाव पेट्रोल कमी बसतं. तेवढ्यानं एकसष्टचे एकोणसत्तर होतात. हे मला शिकवलं कुणी, तर संगूनं. मी एकदा विसरलो होतो तेव्हा पंपावर चारचौघांत माझी अक्कल काढली होती त्यानं.

म्हणजे लबाडी. मला तेच वाटलं, आणि मला राग आला. दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी आलं, तो राग. संगूला बत्तीस गाड्या हव्या होत्या म्हणून त्यानं पायानं साइड स्टँड पाडला आणि आकडा पळवला. आता मी निस्तरत बसायचं. मी भाईंना तसं बोलूनही दाखवलं.

"लबाडी कसली वो," ते म्हणाले. "दोनदा ओढली त्यानं गाडी. वर येईनाच. घाम सुटलेला. मग त्या हवेच्या मशीनपाशी खाली बसला. काय रं म्हटलं, तर म्हनाला, हात भरून आलाय भाई, दोनशे किलोमीटर झालं न्हवं. ऱ्हाऊ दे म्हनाला, भरा तसंच. मी पानी दिलं. मला वाटलं, ऊन लागलं आसंल."

कुठला हात, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

राग आला तसा गेला, आणि पुन्हा ते सुईनंतरच्या गालासारखं झालं. मी गाडी चालू केली आणि गॅरेजवर आलो. सुवर्णानं लॅपटॉपवरून मान वर करून विचारलं, किती आलं. मी जुळतंय म्हणालो. तिनं मान डोलावली, तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

गुरुवारी दिवसभर मी एकच विचार केला. विचार कसला, चक्की फिरावी तसं ते फिरत होतं. संगूनं न ठरवता जे केलं ते मी ठरवून करायचं. जाताना डबल, येताना साइड. डॉक्टर जनावरांचे, त्यांना यातलं काय कळणार. साइड स्टँड तर सगळं जगच लावतं. दस्तगीरभाई बोलणार नाहीत. सुवर्णा राहील, पत्रातला आकडा राहील, आईची नात राहील. पाप वाटावं एवढंही माझ्यात काही शिल्लक नव्हतं. दुपारी जेवताना मी ते नक्की केलं आणि ताक मागून घेतलं.

शुक्रवारी सकाळी आठला डॉक्टर जीपमधून आले. त्यांच्यासमोर डबल स्टँडवर टाकी भरली, त्यांनी किलोमीटरचा आकडा वहीत लिहून घेतला, आणि संघाचा एक माणूस माझ्या पाठोपाठ दुसऱ्या गाडीवर निघाला. आजऱ्याकडं, तिथून पुढं, मग परत, मग नेसरीकडं. गाडी खरोखर लोण्यासारखी चालत होती. दुसऱ्या गिअरमध्ये चालत्या बैलगाडीमागं राहिलो तरी एक हिसका नाही. हे संगूनं कसं केलं असेल, कुठला आकडा कुठं हलवला असेल, ते मला कधीच कळलं नाही आणि आता विचारायलाही कोणी नव्हतं.

दीडच्या सुमाराला मी पंपावर परत आलो. डॉक्टर सावलीत उभे होते. शेजारी सुवर्णा, हातात माझा डबा. ती येणार हे मला माहीत नव्हतं. दस्तगीरभाई नळी हातात घेऊन दुसरीकडेच बघत होते.

मी उतरलो आणि पायानं साइड स्टँड पाडला. गाडी कलली. झालं होतं काम. नुसतं टाकीचं झाकण उघडायचं राहिलं होतं.

आणि मला एक वेडगळ गोष्ट बघावीशी वाटली. गाडी वर घ्यायला लागतं किती? हजारदा घेतली होती, कधी लक्ष दिलं नव्हतं. मी साइड स्टँड दुमडला, डबल स्टँडच्या पट्टीवर पाय ठेवला, मागची दांडी धरली आणि ओढली. गाडी वर आली. काही लागलं नाही. त्यात ताकद नसते, युक्ती असते, पायावर भार दिला की गाडी आपली आपण वर येते. सातवी-आठवीतल्या पोराला जमेल. तेवढंही संगूच्या अंगात त्या दिवशी राहिलं नव्हतं.

मी तिथंच दांडी धरून उभा राहिलो. भाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि झाकण उघडून भरायला सुरुवात केली. मी प्रामाणिकपणानं गाडी वर घेतली असं लोक नंतर म्हणाले. तसं काही नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, आणि एकदा वर घेतलेली गाडी सगळ्यांसमोर पुन्हा खाली घ्यायला कारण सुचलं नाही.

तीन पॉइंट सत्तावीस. डॉक्टरांनी स्वतः भागाकार केला, मग खिशातून संगूचं पत्र काढलं.

"यात एकोणसत्तर लिहिलंय," ते म्हणाले.

"पत्रातला आकडा चुकलाय, साहेब. खरा हाच. त्या दिवशी येताना साइड स्टँडवर भरलं होतं."

"संगमेशनी? ते तर मला या स्टँडचं अर्धा तास समजावत होते."

"डबलवर घेता आली नाही त्याला," मी म्हणालो. "हात भरून आला होता." भाजीचा भाव सांगावा तसं मी ते सांगितलं.

सुवर्णा माझ्याकडे बघत नव्हती. तिनं दस्तगीरभाईंना विचारलं, "डावा ना?"

"व्हय," भाई म्हणाले.

डॉक्टर जनावरांचे असले तरी डॉक्टरच. त्यांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग त्यांनी सांगितलं ते असं, की मागच्या आठवड्यात, गाडी संघात होती तेव्हा, त्यांनी स्वतः ती नांगरटीतून चालवून बघितली होती आणि कंटेनरमधला थेंब सांडला नव्हता. त्यांना पाहिजे होतं ते तेवढंच. ॲव्हरेजची अट ऑफिसनं कागदावर घातलेली, तीन वाढले तरी पुष्कळ. सोमवारपासून रोज दोन गाड्या पाठवतो, म्हणाले. निघताना ते सुवर्णासमोर थांबले. नुसते हात जोडून ते जीपमध्ये बसले.

काम मिळालं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की पत्रात एकसष्ट लिहिलं असतं तरी चाललं असतं, आणि कुणी टेस्टच घेतली नसती तरी चाललं असतं.

पंपाच्या मागं एक चिंच आहे. तिथं बसून मी डबा उघडला, कारण सुवर्णानं आणला होता. ती समोर उभी राहिली आणि बोलायला लागली. तिचा आवाज खालच्या पट्टीत होता, पण रडत नव्हती.

"त्या संध्याकाळी हात दुखतोय म्हणाले. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊया. तर म्हणाले, उद्या बघू, गाडी चालवून दुखतोय. मग मी पण उद्या म्हटलं. खोबरेल गरम केलं आणि चोळून दिलं. झोप लागली त्यांना. मला वाटलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, राहिला दुखायचा. मग मी परत विचारलंच नाही. अकरा दिवस होते, भावजी. मी तेल लावलं."

मी घास हातात धरून बसलो होतो.

"आत्तींना सांगू नका," ती म्हणाली, म्हणजे माझ्या आईला. "कुणालाच ठाऊक नाही हे. माझ्याशिवाय कुणाला ते बोललेच नव्हते." मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "तुम्हाला काही म्हणाले होते काय?"

"नाही," मी म्हणालो.

टेस्टला नेहमी मी जायचो. लॅपटॉप त्याचा, रस्ता माझा. त्या सकाळी मी एका गाडीचं इंजिन खोलून बसलो होतो. संगू चहाचा कप घेऊन माझ्यामागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आण्णा, आज तूच जा की. मला बरं वाटेना झालंय." मी मान वळवूनही बघितलं नाही. म्हटलं, हात ग्रीसनं भरलेत, दोनशे किलोमीटर बसून तर जायचंय, मॅप तुझा, तूच जा. एवढी नाटकं करायला तू काय नवरी हायस? तो हसला. कप धुऊन ठेवला, हेल्मेट घेतलं आणि गेला.

सुवर्णानं माझं ते 'नाही' ऐकलं आणि मान हलवली. त्या 'नाही'नं तिचं ओझं सगळं तिच्याकडेच राहिलं, हे मला तेव्हाच कळत होतं. मी डबा संपवला. घरी आलो, न्हाणीघरात गेलो, आणि तिथं मला रडू आलं. इतकं आलं की आईनं दार वाजवलं. सगळ्यांना वाटलं, काम मिळालं आणि भावाची आठवण झाली.

सुवर्णा निपाणीला गेली नाही. आज बेळगावहून लोक तिच्याकडे मॅप करून घ्यायला येतात. मुलगी सातवीत आहे. गॅरेजमध्ये आलेलं कुणी गिऱ्हाईक खांदा दुखतोय, हात दुखतोय म्हणालं, की सुवर्णा गाडीचं काम बाजूला ठेवते आणि त्याला आधी दवाखान्यात पाठवते. काही लोक चिडतात. मी तिला कधी अडवत नाही.

देसूरकर डॉक्टर अजून येतात. कोणी नवीन माणूस बरोबर असला की त्याला त्या शुक्रवारची गोष्ट सांगतात. आलेला आकडा या माणसानं लपवला नाही, स्वतःच्या भावाची चूक स्वतः सांगितली, कोरींचा शब्द म्हणजे शब्द, असं म्हणतात. सुवर्णा लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघते, आणि तिच्या बघण्यात मान असतो. मी काहीतरी खाली पडल्यासारखं करून वाकतो आणि डॉक्टर जाईपर्यंत पाना शोधत राहतो.